पालशेतचे घर एफ्राइन साउसेदो यास

मी सदानंद भिकाजी तांबे, वय पंचावन्न, व्यवसाय जहाजांच्या इंजिनांची दुरुस्ती, मूळ राहणार बौद्धवाडी, मुक्काम पालशेत, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी, हल्ली राहणार अल कुसैस, दुबई, हे माझे पहिले आणि अखेरचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. छातीबद्दल तसे म्हणता येणार नाही. जुन्या जहाजांच्या पाइपांवर जे पांढरे अस्तर असायचे ते मी उमेदीची सगळी वर्षे हाताने खरवडून काढले, आणि ते आता माझ्या फुप्फुसांत जाऊन बसले आहे, असे डॉक्टर सांगतात. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. घाई मात्र झाली आहे. तिचे कारण कलम पाचमध्ये येईल.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे, बँकेत अधिकारी असलेले श्री. चारुदत्त केळकर यांनी हे इंग्रजीत करा असे सुचवले होते. मी मराठीत करत आहे. घर महाराष्ट्रात आहे हे एक कारण. दुसरे असे की यातल्या काही गोष्टी भलत्या माणसाच्या वाचनात येऊ नयेत. चारुदत्तांनाच मी या मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमतो. ते प्रत्येक दिरहॅमचे तोंडाने रुपये करून दाखवतात, तेव्हा हिशेब चुकायचा नाही.

कलम एक. माझे कुटुंब

माझी पत्नी ओरालिया साउसेदो, परिचारिका. तिचा पहिल्या लग्नाचा मुलगा एफ्राइन, वय चोवीस. मला दुसरे अपत्य नाही आणि या मुलाला मी सावत्र म्हणत नाही. तो मला नुसते 'सदा' म्हणतो. ते मला चालते.

ओरालिया अमेरिकेतल्या लॉस एंजलिस शहराच्या पूर्व भागातली. तिच्या पणजोबांची जमीन मेक्सिकोत होती. अमेरिकेशी लढाई झाली, नकाशा बदलला, आणि पणजोबा जागचे न हलता अमेरिकेत आले. पुढे त्यांच्या नातवंडांना शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल छड्या बसल्या. हे लोक स्वतःला चिकानो म्हणवतात.

तिची माझी भेट ब्याण्णव साली तिच्या दुबईतल्या इस्पितळात झाली. माझा हात इंजिनाच्या झाकणाखाली सापडला होता. ती पट्टी बदलत असताना मी विचारले, "तुम्ही इंडियन ना?" तिला हे रोज विचारले जायचे. किराणा दुकानदार तिच्याशी हिंदीत सुरू व्हायचा आणि अमेरिकन पासपोर्ट पाहिला की माफी मागायचा. ती म्हणाली, "चिकाना." मी अर्थ विचारला. ती म्हणाली, "आधी हा शब्द लोक आम्हाला हिणवायला वापरायचे. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा तो उचलला आणि आपल्या छातीवर लावला. आईला लाज वाटायची. मला नाही."

मला पुढे काही विचारावे लागले नाही. बहात्तर साली मी माझगावच्या गोदीत शिकाऊ होतो आणि वरळीच्या चाळीत राहायचो. आम्हीही एक शब्द असाच उचलला होता, दलित, आणि माझ्याही वडिलांना तो तोंडात घ्यायला जड जायचा. तिने लॉस एंजलिसच्या पार्कात अश्रुधूर खाल्ला, मी वरळीत दगड खाल्ले. ती सत्तर सालच्या ऑगस्टमध्ये व्हिएतनामच्या लढाईविरुद्ध निघालेल्या तिच्या लोकांच्या मोर्चात होती. त्या लढाईत तिच्या लोकांची पोरे त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त मरत होती. तिचा थोरला भाऊ रामिरो आदल्याच वर्षी मेला होता. लोक गवतावर बसून गाणी ऐकत होते, पोरेबाळे सोबत होती, आणि पोलीस आत घुसले. ती एका पायात बूट नसताना घरी पोचली.

माझी पट्टी सुटली तरी मी पुढचे दोन महिने हात दुखतो म्हणून इस्पितळात जात राहिलो. त्र्याण्णव साली आम्ही मुंबईला येऊन लग्न नोंदवले.

कलम दोन. घर

पालशेत बौद्धवाडीतले दोन खोल्यांचे चिऱ्याचे, कौलारू घर, पुढचे अंगण, मागची विहीर आणि चार माडांसह, मी एफ्राइन साउसेदो यास देतो. हे घर मी स्वकष्टाच्या पैशाने सत्त्याऐंशी साली बांधले. त्यात वडिलोपार्जित काही नाही. परदेशी माणसाच्या नावे घर करायला सरकारी परवानगी लागते, ती चारुदत्तांनी काढावी, कितीही खेटे पडले तरी. ओरालियाला त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील.

या जागेबद्दल थोडे लिहून ठेवतो, कारण एफ्राइनला ते अर्धेच माहीत आहे. इथे पूर्वी माझ्या आजीची, कृष्णाबाईची झोपडी होती. पहिल्या महायुद्धात सरकारने मजूर भरती केली तेव्हा माझे आजोबा फावडे घेऊन बसऱ्याला गेले. दाभोळहून बोटीत बसताना आजी बंदरावर होती. पुढे कोणी काही कळवले नाही. मेले असेही नाही आणि आहेत असेही नाही. आजी रोज संध्याकाळी दारात बसायची. आम्ही लहानपणी ओट्यावर दंगा केला की म्हणायची, "गप बसा, बसऱ्याची बोट ऐकू येत नाय." मला बसरा हे गाव शाळेच्या नकाशात, इराकमध्ये, फार उशिरा दिसले. तोवर मला वाटत होते की जिथून माणूस परत येत नाही अशा जागेला बसरा म्हणतात.

कलम तीन. माझा धाकटा भाऊ रामेश्वर

याला घरातले काही देत नाही. चौऱ्याण्णव साली मी ओरालियाला आणि एफ्राइनला पहिल्यांदा पालशेतला नेले. वाडीतल्या बायांनी तिला ओवाळले, नाक-डोळे आपल्यासारखेच आहेत म्हणाल्या. रामेश्वरने मात्र वाडीच्या बैठकीत उभे राहून सांगितले, "ह्या परक्या पोराचं नाव उद्या घरपट्टीवर लागता कामा नये. रक्त कुठलं, जात कुठली, काय पत्ता नाय." माझ्या आजीला याच शब्दांत विहिरीवरून हाकलले गेले होते. ते शब्द मी माझ्या भावाच्या तोंडून ऐकले. एफ्राइन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याने मला विचारले, "काका काय म्हणाले?" मी म्हटले, "वय विचारत होते." त्याला कळले होते.

रामेश्वरला विहिरीवरचा विजेचा पंप द्यावा. तो त्याने चार वेळा मागितला आहे. पाणी सगळ्यांना सोडावे लागेल.

कलम चार. अवजारे

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या वर्कशॉपातल्या माझ्या कपाटातली सर्व अवजारे पालशेतला होड्यांची इंजिने दुरुस्त करणाऱ्या भिवा पवार याला द्यावीत. कपाटाची किल्ली सोबत काम करणाऱ्या सुदेशकडे आहे. कपाट लवकर रिकामे करावे. गेल्या जानेवारीपासून वर्कशॉपच्या दारातून समुद्राकडे पाहिले की राखाडी जहाजे दिसतात. त्यांच्यावर नाव नसते, नुसता आकडा असतो. आम्ही जन्मभर जहाजे नावाने ओळखत आलो. आता कोणी तिकडे बोट करत नाही. जेवायला बसताना सगळे समुद्राकडे पाठ करून बसतात. ओरालियाच्या इस्पितळात भाजलेल्यांच्या वॉर्डातल्या खाटा रिकाम्या ठेवायला सांगितले आहे. कशासाठी, हे तिथेही कोणी विचारत नाही.

कलम पाच. हे मृत्युपत्र आत्ताच का

एफ्राइन अमेरिकेच्या मरीन सैन्यात आहे. शिकायला म्हणून लॉस एंजलिसला गेला आणि कॉलेज सोडून भरती झाला. ओरालिया त्याच्याशी वर्षभर बोलली नाही. गेल्या महिन्यात त्याचे जहाज दुबईच्या जेबेल अली बंदराला लागले आणि एका शुक्रवारी त्याला दिवसाची सुट्टी मिळाली. तो साध्या कपड्यांत आला. केस इतके बारीक कापलेले की डोक्यावरची लहानपणची जखम दिसत होती.

आल्या आल्या म्हणाला, "टॅक्सीवाला सगळा रस्ता हिंदीत बोलत होता. उतरताना विचारतो, 'भाई, कौनसा गाँव?' मी म्हटलं, गुहागर." त्याची आई हसली. त्या दिवशी तेवढीच.

ओरालियाने तिच्या पद्धतीचा राजमा केला होता आणि मी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या होत्या. तो पोटभर जेवला. मग खिशातून लिफाफा काढून ताटाशेजारी ठेवला.

"काय आहे?" मी विचारले.

"माझं विल. सगळ्यांना करायला लावलं. जहाजावर वकील आला, जेवणाच्या हॉलमध्ये रांगेत बसवलं. एकीकडे जेवण चालू, एकीकडे विल. यल्ला, चला, नेक्स्ट. यल्ला, नेक्स्ट."

"तुझ्याकडे देण्यासारखं आहे काय?"

"गाडी आहे ना. जुनी शेवरोले. मित्राच्या अंगणात झाकून ठेवली आहे." ही गाडी मी फोटोत पाहिली आहे. त्यांच्या वस्तीत जुन्या गाड्या जमिनीला पोट टेकेल इतक्या खाली उतरवतात, आरशासारखा रंग देतात आणि रविवारी चालण्याच्या वेगाने रस्त्यावरून फिरवतात. घाई करायची नाही, लोकांनी आपल्याला नीट पाहिले पाहिजे, एवढाच त्यातला हेतू. "ती तुला ठेवली आहे, सदा. इंजिन गेलंय. तूच बसवशील."

ओरालियाने लिफाफ्याला हात लावला नाही. ती म्हणाली, "परत जाऊ नकोस." इंग्रजीत म्हणाली, मग तेच स्पॅनिशमध्ये.

त्याला थांबवायचे हे आम्ही दोघांनी आधीच ठरवले होते. शारजाच्या खाडीवर आमच्या किनाऱ्याचा एक तांडेल आहे, लाँच चालवतो. त्याचे नाव लिहीत नाही. त्याची लाँच दुसऱ्या दिवशी सकाळी खजूर घेऊन आपल्याकडे निघणार होती. खलाशी म्हणून एक माणूस न्यायचा आहे, फारसा बोलणार नाही, असे मी त्याला सांगितले होते. तो म्हणाला होता, "तुझा पोरगा ना? मग इचारतोस काय?"

हे मी एफ्राइनला सांगितले.

तो म्हणाला, "आणि मग? पालशेतला बसू?"

"बस."

"किती दिवस?"

"लढाई संपेपर्यंत."

"मग ती माझ्यासाठी कधीच संपणार नाही, सदा. नाव पळालेल्यांच्या यादीत जातं. इथे येतील, लॉस एंजलिसला मावशीकडे जातील. तुझा व्हिसा जाईल, आईची नोकरी जाईल."

"जाऊ दे," ओरालिया म्हणाली. "रामिरोलाही मी म्हटलं होतं, मेक्सिकोला जा. तो नुसता हसला होता."

"त्याला ओढून नेलं होतं, आई. मी सही करून गेलो."

"का?" तिने विचारले. चार वर्षांत हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला.

त्याने उरलेल्या भाकरीचे तुकडे केले. मग म्हणाला, "इथे अरब मला हिंदी म्हणायचे. शाळेत हिंदी पोरं मला अमेरिकन म्हणायची. तिकडे गेलो तर गोरे विचारायचे, मूळचा कुठला? आपल्या वस्तीतली पोरं म्हणायची, हा कुठला चिकानो, दुबईचा? सैन्यात कोणी नाही विचारत. विचारतात, कुठली प्लाटून?"

ओरालिया म्हणाली, "त्याच प्रश्नासाठी आम्ही रस्त्यावर उतरलो होतो. उत्तर घेऊन आलो होतो."

"ते तुमचं उत्तर होतं, आई. तुम्हाला ते रस्त्यावर सापडलं. मला कोणी तरी नुसतं दिलं."

माझ्या वडिलांनीही माझ्याकडून असेच काही ऐकून घेतले होते. अस्रची, तिसऱ्या प्रहराची बांग झाली तेव्हा तो उठला. आईने त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. तो वाकून उभा राहिला.

पुढचा लिफ्टपाशीचा भाग चारुदत्तांनी ओरालियाला वाचून दाखवू नये.

मी त्याला सोडायला लिफ्टपर्यंत गेलो. आईला हिंदी थोडी कळते म्हणून तो मोडक्या मराठीत बोलला. "सदा, मला पुढच्या गाडीत ठेवलंय. एकदम पुढच्या. मला अरबी येते ना, लोकांशी बोलायला."

"कुठे?"

"ते सांगायचं नसतं." लिफ्ट आली. आत शिरून तो वळला आणि म्हणाला, "तुझे आजोबा गेले होते ना, तिकडेच." दार बंद झाले. मी जिन्याने खाली धावलो. दुसऱ्या मजल्यावर माझा श्वास संपला आणि मी पायरीवर बसलो. लाँच दुसऱ्या दिवशी त्याच्याविना गेली.

चोवीस वर्षांच्या मुलाचे मृत्युपत्र तयार आहे, आणि ज्याच्या फुप्फुसांचा निकाल लागला आहे त्या बापाचे नाही, हे मला लाजिरवाणे वाटले. म्हणून ही घाई.

कलम सहा. ठेवी आणि इतर

बँकेतील ठेवी व नोकरीअखेर मिळणारी रक्कम ओरालियाला. रक्कम इथे लिहीत नाही. माझी पुस्तके वाडीच्या वाचनालयाला. त्यांतल्या कवितांच्या पुस्तकांवर मी तरुणपणी रागाने बरेच काही लिहिले आहे, ते कोणी खोडू नये. शेवरोलेचे इंजिन मी बसवू शकलो नाही तर एफ्राइनने माझी वाट न पाहता बसवून घ्यावे.

कलम सात. माझा देह

दुबईत जे सोपे पडेल ते करावे. पालशेतला न्यायचा खटाटोप नको. ओरालियाला प्रार्थना करावीशी वाटल्यास तिने तिच्या पद्धतीने करावी, मी आक्षेप घेण्याच्या स्थितीत नसेन. रामेश्वर भाषण करू पाहील. करू देऊ नये.

कलम आठ. कलम दोनमधील घराबाबत अधिक

(या ठिकाणी असलेली एक ओळ खोडली आहे. नोंद खाली.)

खोडलेल्या ओळीबाबत नोंद

आज संध्याकाळी साक्षीदारांसमक्ष चारुदत्त हे मृत्युपत्र ओरालियाला इंग्रजीत अर्थ करून सांगत होते. सांगितलेला भाग त्यांनी गाळला. तिच्या ते लक्षात आले असावे. कलम आठ आले. तिथे मी, त्यांच्याच सल्ल्याने, एफ्राइन माझ्या आधी गेला तर घर कोणाला द्यावे, हे लिहिले होते. चारुदत्तांनी अर्धे वाक्य उच्चारले आणि ओरालियाने हात वर केला.

"पुढे बोलू नका," ती म्हणाली. "तुम्ही चांगले आहात. तुमच्या तोंडून नको."

चारुदत्त थांबले. तेव्हा तिने सांगितले ते मी दहा वर्षांच्या संसारात ऐकले नव्हते.

"मी सतरा वर्षांची होते. गणवेशातले दोघं दारात आले. आईला इंग्रजी येत नव्हतं. रामिरोचे मित्र असतील समजून तिनं त्यांना बसायला सांगितलं आणि कॉफी करायला आत गेली. त्यांनी मला सांगितलं. मग एकजण म्हणाला, 'आता हे तू आईला तुमच्या भाषेत सांग.' ती कप घेऊन बाहेर आली आणि मी सांगितलं. ते माझ्या तोंडून गेलं. ती मरेपर्यंत मी काहीही बोलले, जेवायला ये म्हटलं, तरी तिच्या चेहऱ्यावर आधी तेच यायचं."

चारुदत्त हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मी समजतो. पण ही ओळ नसेल तर मृत्युपत्र अपुरं राहतं. उद्या काही झालं तर घर भलत्याच्याच हातात जाईल."

"जाऊ दे. घर पडलं तरी चालेल. हे वाक्य लिहायचं नाही."

तिने त्यांच्या खिशातले पेन काढून घेतले आणि ती ओळ खोडली. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून कोणती ओळ ते तिने मला विचारले. मी बोट ठेवले. ती इतका जोर देऊन खोडत राहिली की कागद फाटला. चारुदत्तांनी दुसरी प्रत करू का विचारले. मी नको म्हणालो.

तरी नोंद अशी की, कलम आठमधील ओळ माझ्या पत्नीने माझ्यासमक्ष व माझ्या संमतीने खोडली असून समासात मी व दोन्ही साक्षीदारांनी आद्याक्षरे केली आहेत. कागद फाटला आहे तो तसाच राहील. एफ्राइन साउसेदो घरी येईल असे धरून हे मृत्युपत्र केले आहे. दुसरी कोणतीही शक्यता यात विचारात घेतलेली नाही.

हे सर्व मी वाचले आहे, मला ते मान्य आहे, आणि साक्षीदारांच्या देखत मी त्यावर सही करत आहे.

सही: सदानंद भिकाजी तांबे

साक्षीदार पहिला: सुदेश अनंत मयेकर, फिटर, हमरिया फ्री झोन, शारजा. सदानंद तांबे यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरी: हेमा विलास गोडबोले, शिक्षिका, अल कुसैस, दुबई. सदानंद तांबे यांनी माझ्यासमोर सही केली. सही होईपर्यंत ओरालिया त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

स्थळ: अल कुसैस, दुबई
दिनांक: १९ मार्च २००३, बुधवार